डाव्या हाताला पाऊस, उजव्या हाताला ऊन

"वाच," असं म्हणून धाकट्या बहिणीनं, बारकीनं, त्याच्यापुढे टेबलावर काहीतरी ताठ, पुठ्ठ्यासारखं ठेवलं. त्यानं सवयीनं उजव्या हाताची तर्जनी त्यावर टेकवली आणि चटका बसल्यासारखी मागे घेतली. चटका नव्हता, खरखर होती. सुतार लाकूड घासतो तसली, बारीक, चावरी. त्यानं बोट ओठांना लावून पाहिलं. सोललं नव्हतं. पण ते त्याचं वाचायचं बोट होतं. जन्मल्यापासून डोळ्यांचं काम तेच करत आलं होतं, आणि तो त्याला इतका जपायचा की भाजी चिरताना ते दुमडून तळहातात लपवायचा. बायको त्यावरून चेष्टा करायची, म्हणायची, राजपुत्र आहे तो तुमच्या पंजातला.

"पॉलिशपेपर?" त्यानं विचारलं.

"सहारा," बारकी म्हणाली. "वाळवंट आहे ते. पुढे जा ना."

तो पुढे गेला. पॉलिशपेपर संपला आणि मखमल लागली. मग कापूस. मग कसलं तरी रेघारेघांचं जाड कापड, मग चुरगळून चिकटवलेला चॉकलेटचा चंदेरी कागद. तो चंदेरी असतो हे त्याला ऐकून माहीत होतं. बोटाखाली तो नुसता कुरकुरत होता. स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं, "काय आणलंयस गं?" आणि बारकी म्हणाली, "जग आणलंय, वहिनी." "मग ते जरा सरकवून ठेव, माझे इस्त्रीचे कपडे आहेत टेबलावर," बायको म्हणाली. दोघी हसल्या. तो हसला नाही. मखमलीवरून पॉलिशपेपरवर, पॉलिशपेपरवरून कापसावर त्याचं बोट उड्या मारत होतं आणि एक जुनं, ओळखीचं ओशाळलेपण त्याच्यात जागं व्हायला लागलं होतं.

"बारके," तो शेवटी म्हणाला, "हे जग नाही. शिंप्याच्या दुकानातली चिंध्यांची पेटी आहे ही."

कपाच्या कडेवरून तिचं नख फिरत राहिलं. तिचं वय आता छप्पन्न, नकाशांच्या छापखान्यात तिच्या हाताखाली माणसं होती, पण ती गप्प झाली की ते नख लहानपणासारखंच कशावर तरी फिरायचं. "दादा, मखमल म्हणजे उष्ण आणि भरपूर पावसाचा प्रदेश. खरखरीत म्हणजे कोरडा. रेघांचं कापड म्हणजे सौम्य, मधला. चंदेरी म्हणजे कडक हिवाळ्याचा. कापूस म्हणजे बर्फाचा. पाच मुख्य प्रकार, पाच स्पर्श. महिनाभर खपलेय मी यावर. महिनाअखेरीला परीक्षा बोर्डाची बैठक आहे. हा नकाशा बोटांनी वाचता येतो असं पटलं तर न दिसणाऱ्या मुलांनाही भूगोलात नकाशाचा प्रश्न येईल. नाही पटलं तर आहे तेच चालू. माफी."

माफी. तिनं तो शब्द सहज उच्चारला होता. पण तो त्याच्या कानात शिरला आणि तिथेच बसून राहिला. "महिनाभर खपलीस हे कळतंय," तो म्हणाला, "पण बोट दुखतं गं. आणि दुखलं नाही तरी काय? मखमल म्हणजे हे, कापूस म्हणजे ते. मी पुन्हा पाठच करायचं." "तू कधी नुसतं ‘छान’ म्हणून बघ एकदा," ती म्हणाली. चपला घालताना तिचा एक पाय नेहमीपेक्षा जोरात आपटला. जग तिनं टेबलावरच ठेवलं. नंतर बायकोनं ते उचलून कपाटावर ठेवलं आणि त्याच्या जागी इस्त्रीच्या कपड्यांची चळत आली, गरम, कोरडी.

ती गेल्यावर तो खिडकीशी खुर्ची ओढून बसला. समोरच्या रस्त्यावरून संध्याकाळची वाहनं जात होती, आणि त्यांच्या आवाजातून तो वर्ग वर आला, शाळेचा, सातवीचा. भूगोलाचे सर चांगले होते. आवाज ठेवणीतला, खडूचा वास, बोलताना मधेच खांद्यावर हात ठेवायची सवय. जगाच्या कोऱ्या नकाशांचे कागद वाटत ते त्याच्या बाकापाशी आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, तुला हे माफ आहे बाळ. मग सगळ्या वर्गात रंगीत खडूंची खसखस सुरू झाली. चाळीस खडू चाळीस कागदांवर. कुणीतरी विचारलं, सर, वाळवंटाला पिवळा ना? कुणीतरी म्हणालं, माझा हिरवा दे इकडे. तो हात बाकावर ठेवून बसून राहिला, कान देऊन. त्या खसखशीत काहीतरी तयार होत होतं, सगळ्यांच्या हाताखाली एकच काहीतरी, आणि तो सोडून प्रत्येकाला ते घरी नेता येणार होतं. माफ म्हणजे काय, मी काय गुन्हा केला होता, हे त्याला फार नंतर सुचलं. तेव्हा त्यानं फक्त मान हलवली, शहाण्या मुलासारखी. परीक्षेत नकाशाच्या प्रश्नाचे गुण त्याला बाकीच्या पेपरच्या प्रमाणात मिळायचे. बाकीचा पेपर त्याला तोंडपाठ असायचा, म्हणून न काढलेल्या नकाशाला तो दरवर्षी जवळपास पैकीच्या पैकी गुण मिळवायचा. उष्ण व दमट हवामान विषुववृत्ताजवळ आढळते. शीत कटिबंधात हिवाळा दीर्घ असतो. ही वाक्यं अजूनही झोपेतून उठवलं तरी तो म्हणून दाखवू शकला असता. पण त्या वाक्यांच्या शेजारी काय होतं? दमट संपून कोरडं कुठे सुरू व्हायचं? एक वाक्य संपून दुसरं सुरू व्हायचं, एवढंच. त्याचं जग म्हणजे एकापुढे एक ठेवलेली वाक्यं होती, लांबच लांब, आणि त्यांना रुंदी नव्हती.

आणि सीमा असतात हे तर त्याला माहीत होतं. वर्गाच्याही आधी माहीत होतं. सहा-सात वर्षांचा असताना आईबरोबर तो खडखडणाऱ्या एसटीतून मामाकडे गेला होता. गाडी घाट चढत होती तोवर हवा ओल्या टॉवेलसारखी तोंडाला चिकटत होती. काचेवर पाणी वाजत होतं, रस्त्याच्या कडेनं कुठेतरी ओहोळ धावत होता, बाकांच्या फोमला कुबट वास येत होता. मग गाडी माथ्यावर आली, वळली, उतरायला लागली. थोड्याच वेळात काचेवरचा आवाज बंद झाला. चाकांखालचा रस्ता वेगळा बोलायला लागला, सुका, पोकळ. नाकात धूळ आली. हातावरची लव ताठ झाली. "आई, आपण कुठे आलो?" त्यानं विचारलं. "कुठे नाही, घाट उतरला," ती म्हणाली आणि त्याला खाऊ दिला. पण काहीतरी झालं होतं. दोन जगं एकमेकांना जिथे चिकटतात त्या शिवणीवरून ते गेले होते. त्याच्या सगळ्या कातडीनं ते ऐकलं होतं, आणि गाडीतल्या डोळसांपैकी कुणालाच त्याची खबर नव्हती. मग पुढे आयुष्य गेलं. इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी लागली, सगळ्यांनी आनंद केला, तोही आनंदात होता. दोन्ही हातांनी तारा लावायच्या आणि काढायच्या. डाव्या हातात बाहेरचा फोन, उजव्या हातात वॉर्ड, आणि मधे तो. बायकोही अशीच एका तारेतून आली. बाळंतिणींच्या वॉर्डात नर्स होती. रोज फोन करून म्हणायची, "एक्स्चेंज, डॉक्टर सापडत नाहीत," आणि एक दिवस म्हणाली, "एक्स्चेंज, तुम्ही जेवलात का?" त्या नोकरीत त्याला काही कमी पडलं नाही. इस्पितळ त्याच्या हातांत अख्खं मावायचं. जग तेवढं मावलं नाही, आणि ते मावत नाही हेही तो कुणाला बोलला नाही, कारण जे माफ आहे ते मागायचं कसं?

सकाळी चहाच्या आधीच त्यानं छापखान्यात फोन लावला. बारकीचा आवाज रुसलेलाच होता. "बोल."

"मला सांग, या हवामानांना नावं कोण देतं? आणि कशावरून?"

"आत्ता? माझी यंत्रावर माणसं थांबलीत."

"थांबू देत. कशावरून?"

तिनं सुस्कारा सोडला. मग पाठीमागच्या यंत्रांच्या धडधडीतून ती सांगायला लागली, आधी तुटक, नंतर रंगून. तिला हे काम खरंच आवडायचं. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी वनस्पतींचा अभ्यास असलेल्या एका माणसानं ही वाटणी सुरू केली. त्याचं म्हणणं असं की हवा कशी आहे हे झाडाला विचारावं, झाड खोटं बोलत नाही. अमुक झाडं कुठे संपतात, तमुक कुठे सुरू होतात, ते बघायचं आणि तिथे आकडे काय आहेत ते तपासायचं. आकडे दोनच गोष्टींचे, तापमान आणि पाऊस. महिन्यामहिन्याचे, कित्येक वर्षांच्या सरासरीचे. "सगळ्यात थंड महिनासुद्धा अठरा अंशांच्या खाली जात नसेल तर उष्ण. थंड महिना गोठणबिंदूच्या आसपास किंवा खाली गेला तर कडक हिवाळ्याचा. त्या दोहोंच्या मधे असेल तर सौम्य. आणि सगळ्यात गरम महिनासुद्धा दहा अंशांना पोचत नसेल तर तिथे झाडच उभं राहत नाही, तो ध्रुवाकडचा. कोरड्याचं गणित वेगळं, ते जरा—"

"थांब," तो म्हणाला. "म्हणजे मखमल कुठेच नाही. पॉलिशपेपर कुठेच नाही. आहे ते फक्त ऊन आणि पाऊस."

"हो. बाकी आपण पाडलेली नावं."

"मग मला ती दोनच दे ना! नावं माझी मी पाडतो."

मग ती हळूच म्हणाली, "दादा, दोन्ही एका पानावर घालता येत नाहीत. करून पाहिलंय. पावसाचे थेंब आणि उन्हाची उंची एकमेकांत मिसळतात, बोटाचा गोंधळ उडतो."

"मला बोटं किती आहेत?"

"म्हणजे?"

"हात किती आहेत गं मला?" तो जवळजवळ ओरडला. बायको गॅस बारीक करून बाहेर आली. "दोन पानं कर. सारखीच. एक पावसाचं, एक उन्हाचं. शेजारी शेजारी ठेव. डाव्या हाताला पाऊस, उजव्या हाताला ऊन. दोन्ही हात बरोबर चालतील. मी आयुष्यभर दुसरं काय केलं एक्स्चेंजमध्ये?"

मग तिनं यंत्रावरच्या कुणाला तरी हाक मारली, "ते बंद करा, आधी इकडे या," आणि फोन ठेवायलाच विसरली. रिसीव्हर टेबलावर पडला असावा. त्यातून त्याला तिची पावलं ऐकू आली, लांब जाणारी, भरभर.

दहा-बारा दिवस ती आली नाही. आली ती रिक्षा घेऊनच, त्याला छापखान्यात न्यायला. तिथे गरम प्लास्टिकचा वास होता. तापवलेला प्लास्टिकचा पातळ पत्रा साच्यावर टाकायचा, खालून हवा ओढून घ्यायची, की साच्याचा प्रत्येक चढउतार पत्र्यावर उमटतो, असं तिनं त्याला कधीतरी सांगितलं होतं. आता एक ताजा पत्रा तिनं त्याच्या हातात दिला तेव्हा तो अजून कोमट होता. पावसाच्या पानावर नुसते थेंब होते, सारखेच, बारीक. जास्त पाऊस तिथे दाट, कमी पाऊस तिथे विरळ. उन्हाच्या पानावर पायऱ्या होत्या. जितकी ऊब जास्त तितकी जमीन उंच. "वर्षाची सरासरी नाही घेतली," बारकी म्हणाली, "सगळ्यात थंड महिना घेतलाय. झाडाला सरासरी मारत नाही, एक थंड महिना मारतो. आणि ही उभारलेली रेघ लागली की समज, तिच्या पलीकडे उन्हाळासुद्धा झाड जगवत नाही." बाकी तिनं काही सांगितलं नाही. छापखान्याचे मालक दारात येऊन उभे राहिले होते. त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा किणकिणत होता, आणि ते एकदा घसा खाकरून म्हणाले, "बघू या, आणखी किती पत्रा खाते तुमची ही दुनिया."

त्यानं दोन्ही हात टेकवले. आधी काहीच झालं नाही. डाव्या हाताला पुरळ, उजव्या हाताला जिना. दोन वेगळे आवाज, दोन खोल्यांतून येणारे. त्यानं किनारा शोधला, आफ्रिकेचा, बारकीनं हात नेऊन ठेवला तिथून, आणि दोन्ही तर्जन्या एकाच वेळी वर सरकवायला लागला. मधोमध उजवा हात उंचावर होता आणि डाव्या हाताखाली थेंबांची गर्दी, बोट ठेवायला जागा नाही इतकी. वर गेला. उजवा हात अजून उंचच, पण डावीकडचे थेंब पांगायला लागले. आणखी वर. थेंब एकेक झाले. मग एकही नाही. डावा हात गुळगुळीत, रिकाम्या पत्र्यावरून घसरत होता, घसरतच होता. ते संपेना. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की सहारा एवढा मोठा आहे. पाठ केलेल्या वाक्यात तो एका शब्दाचा होता. इथे तो त्याच्या बोटाखालून जाता जात नव्हता. "अरे," तो म्हणाला, "अरे बापरे." बारकीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि लगेच काढला, लक्ष विचलित होईल म्हणून.

मग तो समुद्र ओलांडून वर गेला, पूर्वेकडे वळला, सैबेरियाच्या खोल, सखल थंडीत उतरला आणि एकाएकी थबकला. परत मागे आला. सहाराच्या दक्षिणेच्या पट्टीवर डावा हात ठेवला, थेंब चाचपले. पुन्हा सैबेरियात. पुन्हा खाली. "काय झालं?" बारकीनं विचारलं. "पाऊस दोन्हीकडे सारखाच आहे," तो सावकाश म्हणाला, "थेंब सारखेच विरळ. पण इथे खाली ऊन किती आहे! हे थेंब इथे पुरायचे नाहीत. पडतील आणि उडून जातील. हे कोरडं. आणि वर तिकडे थंडी आहे, तिथे तेवढाच पाऊस जमिनीत मुरून राहील. झाड उभं राहील त्याच्यावर. ते कोरडं नाही. पाऊस किती पडला ते विचारून भागत नाही बारके, कुठल्या उन्हात पडला ते विचारायला पाहिजे!" बारकीच्या हातातून काहीतरी खाली पडून घरंगळत गेलं. "दादा," ती म्हणाली, "कोरड्याचं गणित तेच आहे. अगदी हेच. ऊन वाढलं की कोरड्याची हद्द वर सरकते. त्या दिवशी फोनवर मी तेच सांगणार होते आणि तू मला थांबवलंस." "बरं झालं थांबवलं," तो म्हणाला. मालकांचा जुडगा किणकिणायचा थांबला होता. "करा अजून," ते म्हणाले, "पत्रा आहे गोदामात," आणि निघून गेले.

बोर्डाची खोली थंड होती, एसीची, आणि तिथे खुर्च्या ओढल्या की फरशी किंचाळायची. सचिवबाईंचा आवाज मऊ, दमलेला होता. त्यांनी पाणी मागवलं, बसायला सांगितलं, बारकीचं कौतुक केलं, आणि मग म्हणाल्या, "हे बघा, हेतू उत्तमच आहे. पण मला मुलांची काळजी वाटते. आधीच त्यांना किती सोसावं लागतं. माफी आहे, गुण मिळताहेत, कशाला त्यांच्यावर आणखी ओझं?" त्या खरंच काळजीनं बोलत होत्या, आणि त्यामुळेच त्याच्या खांद्यावर पुन्हा तो जुना, चांगला, खडूचा वास असलेला हात आल्यासारखं झालं. उत्तर बारकीनं द्यायचं होतं, पण दिलं भूगोलाच्या प्राध्यापकांनी. ते बोर्डाचे तज्ज्ञ होते, टेबलाच्या टोकाला खोकत बसलेले. "ओझं आहे की नाही ते यांनाच विचारू या. फक्त एक अट. जगाचा नकाशा तुम्ही इतके दिवस हाताळताय, तो तुम्हाला पाठ झाला असणार. म्हणून मी एक खंड आणलंय, जे पृथ्वीवर नाहीच. मी बनवलेलं. छापखान्याच्या मालकांकडून परवा परस्पर करून घेतलं, तुमच्या बहिणीला त्याची कल्पना नाही." शेजारी बारकीच्या खुर्चीखाली फरशी किंचाळली. तिला खरंच माहीत नव्हतं.

तीन पत्रे त्याच्यासमोर आले. डावीकडे पाऊस, उजवीकडे ऊन, आणि खाली तिसरा, नुसत्या किनाऱ्याचा, आत कोरा. हातात मेण लावलेल्या दोऱ्याची गुंडी. बोटानं दाबला की दोरा पत्र्याला चिकटायचा. "जिथे हवामान बदलतं असं वाटेल तिथे दोरा लावा," प्राध्यापक म्हणाले. "वेळ लागू द्या."

खंड वर रुंद आणि खाली निमुळतं होत गेलेलं होतं, मुळ्यासारखं. त्यानं आधी नुसता किनारा फिरून घेतला, आख्खा, अनोळखी घरात भिंतीला हात लावून चालावं तसा. मग वरून सुरुवात केली. उभारलेली रेघ लगेच सापडली, तिच्यावर पहिला दोरा गेला. खाली थंडीची सखल जमीन, मग एक पायरी, मग दुसरी. दोरे पडत गेले. पश्चिम किनाऱ्यावर डाव्या हाताला थेंब दाट होते, आत जाताना विरळ, आणि कुठेतरी मध्यावर त्याची पकड सुटली. डावा हात पुढे गेला होता की उजवा मागे राहिला होता? उजव्या हाताखाली ऊब होती, डाव्या हाताखाली थेंब होते, पण ते एकाच जागेचे आहेत का हे त्याला कळेना. हातांना घाम आला आणि प्लास्टिक घामानं चिकटायला लागलं. एसीचा आवाज मोठा झाला. खोलीतला प्रत्येकजण त्याच्या बोटांकडे बघतोय हे त्याच्या मानेला कळत होतं. त्याला वाटलं, संपलं. चाळीस खडूंची खसखस ऐकू येईल आता, आणि मी हात बाकावर ठेवून बसेन. "नाही जमलं तरी काही हरकत नाही हं," सचिवबाई हळुवारपणे म्हणाल्या, "राहू द्या आपण."

"राहू द्यायचं नाही," तो म्हणाला. आपला आवाज एवढा चढेल असं त्याला वाटलं नव्हतं. मग खाली आणून म्हणाला, "बाई, मला वेळ द्या. दया नको." त्यानं दोन्ही हात उचलले, विजारीला पुसले, आणि पुन्हा पश्चिम किनाऱ्यावर, एकाच खाडीच्या तोंडाशी, दोन्ही तर्जन्या टेकवल्या. तिथून निघाला. सावकाश, जोडीनं. बोटाच्या पेरापेरानं तो खंडाच्या पोटात शिरला. थेंब पांगले. ऊब वाढली. अजून नाही, अजून नाही, इथे तेवढा पाऊस पुरतोय, अजून पुरतोय, आणि मग अचानक त्याच्या दोन्ही हातांच्या मधे, जिथे पत्रा नव्हता, काहीच नव्हतं तिथे, ती शिवण उमटली. इथे पुरत नाही. त्यानं दोरा दाबला. त्या क्षणापासून खंड त्याच्याशी बोलायला लागलं. कोरड्याची सीमा पुढे वळली, दक्षिणेकडे गेली, ऊन वाढलं तसतशी जास्त थेंबांना गिळत गेली. त्याला ती ओढत होती, तो तिच्यामागे धावत होता. खाली पुन्हा पाऊस दाटला, उंच उबेवर घनदाट. पूर्व किनारा सौम्य निघाला. दोऱ्याला दोरा मिळाला, कडा बंद झाल्या, आणि जेव्हा त्यानं हात थांबवले तेव्हा त्याला कळलं की आपण हसतोय, तोंड उघडं टाकून, लहान मुलासारखे. जे कुठेच नाही ते सगळं खंड त्याच्या हातांत होतं. लांबी होती त्याला. रुंदी होती.

प्राध्यापकांनी खुर्ची ओढली. त्यांचा स्वतःचा कागद त्याच्या पत्र्याशेजारी सरकल्याचा आवाज आला, मग पेन्सिलीची टकटक. "बरोबर," ते म्हणाले. टक. "बरोबर. ही कोरड्याची हद्द… वा. इथे माझे विद्यार्थी नेहमी घसरतात." टक. बारकीचं नख टेबलाच्या कडेवर फिरत होतं. "हेही बरोबर. हं." पेन्सिल थांबली. "इथे चुकलंय."

सचिवबाई घाईनं म्हणाल्या, "नाही, पण एवढं सगळं बरोबर असताना तेवढं आपण—"

"चुकलंय ते चुकलंय," प्राध्यापक म्हणाले.

"कुठे?" त्यानं विचारलं. "दाखवा मला."

प्राध्यापकांनी त्याचं उजवं बोट धरलं आणि उन्हाच्या पानावर खाली, उंच उबेच्या मधोमध नेलं. तिथे एक खळगा होता, जेमतेम बोटाच्या टोकाएवढा, पण खोल. "डोंगर आहे," ते म्हणाले. "उंचीवर हवा थंड होते. भोवती सगळं उष्ण, पण माथ्यावर झाडसुद्धा नाही. तुमचं बोट त्याच्यावरून उडी मारून गेलं." त्यानं खळग्यात बोट फिरवलं. आत उभारलेली रेघ होती, इवलीशी, गोल. खरंच होती. ती तिथे होती आणि त्यानं ती सोडली होती. कुणी त्याला ती माफ केली नव्हती, कुणी प्रमाणात धरली नव्हती. ती त्याची चूक होती, त्याच्या स्वतःच्या बोटाची, नकाशावर केलेली, आयुष्यातली पहिली. "किती गुण कापले?" त्यानं विचारलं.

"वीसपैकी दोन."

"कापा," तो म्हणाला, "अगदी कापा," आणि प्राध्यापकांना त्याचा आवाज का फुटला ते समजलं असावं, कारण त्यांनी त्याचं बोट सोडलं नाही, नुसतं दाबून धरलं. मग त्यांनी खोकत खोकत सचिवबाईंना सांगितलं की त्यांना आणखी काही विचारायचं नाही. फरशीवर सचिवबाईंची खुर्ची किंचाळली, त्या टेबलाला वळसा घालून आल्या, आणि त्याच्या शेजारी उभ्या राहून विचारलं, "ती सीमा मला दाखवता? तुम्हाला लागली ती?" त्यानं त्यांची दोन बोटं धरून किनाऱ्यावर ठेवली आणि जोडीनं आत नेली. "डोळे मिटा," तो म्हणाला. त्यांनी मिटले असावेत. दोनदा त्या चुकल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "अगं बाई, इथे आहे होय?" आणि त्यांच्या आवाजातला दमलेपणा कुठल्या कुठे गेला. पुढच्या वर्षीपासून प्रश्न सगळ्यांना, हे त्यांनी खुर्चीवर परत जाऊन बसायच्या आधीच सांगून टाकलं.

बाहेरच्या जिन्यात बारकीनं त्याचा दंड धरला होता, फार घट्ट. जिना उतरतानाच त्यानं मोबाइल काढून घरी लावला. बायकोनं एका रिंगमध्ये उचलला, म्हणजे ती फोन हातात घेऊनच बसली होती. "काय झालं हो?"

"चुकलो!" तो ओरडला. जिन्यात त्याचा आवाज वरखाली घुमला. कुणीतरी खालच्या मजल्यावर दार उघडलं.

"अहो, चुकलात तर मग असे हसताय काय?"

"अगं, डोंगर सुटला माझा! अख्खा डोंगर! माथ्यावर एक झाड नाही असा थंडगार डोंगर, आणि मी त्याच्यावरून उडी मारून गेलो. दोन गुण गेले."

"आणि बाकीचं?"

"बाकीचं सगळं आलं," तो म्हणाला. बारकीला तोवर जिन्याच्या पायरीवर बसावं लागलं होतं. हसतेय की रडतेय ते तिचं तिलाच कळत नव्हतं.